कॅमेरा दिवसभर चालू ठेवायचा कसा: वॉटचं गणित, डी-टॅप आणि रात्रीचं चार्जिंग

टेक चालू असताना कॅमेरा बंद पडला की सगळ्यांची नजर आधी बॅटरीकडे जाते. काढून बघावी तर तिच्यावर अजून तीन दिवे पेटलेले. खरा दोषी बहुधा दुसरीकडे सापडतो: अर्धवट बसलेला प्लग, पाच मीटर लांबीची बारीक वायर, नाहीतर दोन खणांच्या चार्जरवर रात्रीत सहा बॅटऱ्या आपोआप भरतील असं धरून झोपलेली मंडळी. युनिट लहान आहे, वेगळा माणूस नाही आणि कॅमेऱ्याची वीज पहिल्यांदाच तुमच्या गळ्यात पडली आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी वॉट लिहून काढा

रिगवर (कॅमेरा आणि त्याला जोडलेलं सगळं सामान) जे जे विजेवर चालतं त्याची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे वॉट लिहा. वस्तूवर वॉट छापलेले नसले तर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात; दोघांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि १.५ अँपिअर म्हणजे १८ वॉट. हा आकडा सहसा कमाल असतो, प्रत्यक्ष वापर त्याहून थोडा कमी. पहिल्या शूटसाठी कमालच धरा.

अंदाज यावा म्हणून: मिररलेस कॅमेरा ४के रेकॉर्ड करताना ५ ते १० वॉट घेतो. लहान सिनेमा कॅमेरे २० ते ४० वॉटच्या पट्ट्यात असतात. अॅरी अलेक्सा ३५ सारखा मोठा कॅमेरा ९० वॉटच्या आसपास जातो. पाच इंची मॉनिटर १० वॉट, भर उन्हात दिसणारा सात इंची मॉनिटर २० ते ३०. वायरलेस व्हिडिओ ट्रान्समीटर ८ ते १२. फोकसची मोटर सरासरी ५-६ वॉट खाते, पण जड लेन्सची रिंग झटक्यात फिरवताना त्याच्या चौपट ओढते, आणि नेमका तेवढा झटका उतरणीला लागलेल्या बॅटरीला सोसत नाही.

यादीत एक चूक हमखास होते. लोक रेकॉर्डिंगचे तास धरतात. दिवसभरात फूटेज दोन तासांचं झालं म्हणून कॅमेरा दोन तास चालला असं होत नाही. स्टँडबायला असतानाही सेन्सर, प्रोसेसर, पंखा आणि मॉनिटर चालूच असतात; रेकॉर्डचं बटण दाबल्याने खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणून कॅमेरा किती तास *चालू* असेल ते धरा. बारा तासांच्या शिफ्टमध्ये हा आकडा आठ-नऊ तासांच्या खाली क्वचितच येतो.

दोन सेटअपच्या मध्ये कॅमेरा बंद करून वीज वाचवता येते, यात शंका नाही. पण प्रत्येक वेळी कॅमेरा उठायला वेळ लागतो, लेन्सची रिंग कुठून कुठपर्यंत फिरते ते मोटरला पुन्हा शिकवावं लागतं, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना पुन्हा शोधत बसतात. अर्ध्या तासाहून मोठा खंड असेल तरच बंद करा. त्याहून लहान खंडात मॉनिटरची ब्राइटनेस उतरवा, त्यातच बरंच वाचतं.

मिलिअँपिअरवर जाऊ नका

बॅटरीवर मोठ्या अक्षरात मिलिअँपिअर-अवर लिहिलेलं असतं, आणि तुलनेसाठी तो आकडा निरुपयोगी आहे, कारण त्यात व्होल्ट नाहीत. ६,८०० मिलिअँपिअरची १४.४ व्होल्टची व्ही-माउंट बॅटरी (कॅमेऱ्याच्या मागच्या प्लेटवर सरकवून बसवायची मोठी बॅटरी) म्हणजे ९८ वॉट-अवर. २०,००० मिलिअँपिअरची पॉवर बँक ऐकायला तिप्पट वाटते, पण तिच्या आतले सेल ३.७ व्होल्टचे, हिशेब ७४ वॉट-अवर. तुलना करायची ती वॉट-अवरचीच.

खोट्या आकड्यांचा बाजार सगळ्यात जास्त एनपी-एफ बॅटऱ्यांत चालतो. त्या मॉनिटर आणि लहान एलईडी दिव्यांना लागतात. ९७० मापाच्या बॅटरीत १८६५० प्रकारचे सहा सेल असतात: दोन-दोन मालिकेत, अशा तीन जोड्या समांतर. चांगला १८६५० सेल सहसा ३,५०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. तीनाने गुणलं की १०,५००. त्याहून बराच मोठा आकडा छापलेला दिसला तर तो छापखान्यातून आलेला आहे, सेलमधून नाही. तराजूही मदत करतो. एक सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा, म्हणजे सहा सेलचेच पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतात. २०० ग्रॅमची ‘९७०’ हातात आली तर आत चार सेल आणि हवा आहे असं समजा.

किती बॅटऱ्या लागतील

एक साधी रिग घेऊ. कॅमेरा २२ वॉट, मॉनिटर १२, ट्रान्समीटर १०, फोकस मोटर ६. बेरीज ५० वॉट. ९८ वॉट-अवरची बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत वापरता येत नाही. शेवटी व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा त्याआधीच हात वर करतो. म्हणून ८५ टक्के धरा: ८३ वॉट-अवर. त्याला ५० ने भागलं की १.६६, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं.

नऊ तास चालू ठेवायचं तर साडेपाच बॅटऱ्या, म्हणजे सहा. शिवाय दोन राखीव. बॅटऱ्या जुन्या असतील तर ८५ ऐवजी ७० टक्के धरा; मग वेळ दीड तासाच्याही खाली येतो आणि सहाच्या सात होतात.

सेटवर चार्जर लावायला जागा असेल तर इतक्या नेण्याची गरज नाही. पण त्यासाठी चार्जरचा वेग ठाऊक हवा, आणि नवखे फसतात ते इथेच.

चार्जर

व्ही-माउंट चार्जरवर एका खणाला किती अँपिअर मिळतात ते मागच्या लेबलवर असतं. ३ अँपिअर असतील तर ६,८०० मिलिअँपिअरच्या बॅटरीला भागाकाराने सव्वादोन तास येतात. प्रत्यक्षात पावणेतीन धरा, कारण शेवटच्या टप्प्यात चार्जर मुद्दाम करंट कमी करत नेतो. घाई असेल तेव्हा याचा फायदाही घेता येतो: पहिले ८० टक्के पटकन भरतात, शेवटचे २० रेंगाळतात.

दोन खणांच्या चार्जरचे दोन प्रकार असतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एक प्रकार दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी पूर्ण वेगाने भरतो. दुसरा एक भरून झाली की दुसरीकडे वळतो, किंवा करंट दोघींत वाटून देतो. घेण्यापूर्वी, भाड्याने आणण्यापूर्वीसुद्धा, हा प्रश्न विचाराच. वरच्या उदाहरणात पहिल्या प्रकारचा चार्जर पावणेतीन तासांत दोन बॅटऱ्या देतो. कॅमेरा तेवढ्या वेळात पावणेदोनच्या आसपास खातो. चार्जर पुढे राहतो. अशा वेळी एक कॅमेऱ्यावर, दोन चार्जरवर, एक भरलेली हाताशी आणि दोन राखीव, अशा सहांवर दिवस आरामात निघतो.

आता रात्र. सहा बॅटऱ्या, दोन खण, प्रत्येक फेरी पावणेतीन तासांची: तीन फेऱ्या म्हणजे सव्वाआठ तास, आणि मधे दोनदा कोणीतरी उठून बॅटऱ्या बदलायच्या. पॅकअपनंतर पहाटेच्या कॉलपर्यंत तेवढा वेळच नसतो, आणि असला तरी कोणी उठत नाही. चार खणांच्या चार्जरवर हेच काम दोन फेऱ्यांत, साडेपाच तासांत होतं आणि मधे एकदाच हात लागतो. बहुदिवसांच्या शूटसाठी पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर सातव्या बॅटरीआधी मोठा चार्जर घ्या.

भरलेली कुठली आणि उतरलेली कुठली हे अंधारात, घाईत, हातमोजे घालूनही कळलं पाहिजे. प्रत्येक बॅटरीला नंबर द्या. भरली की संपर्काच्या पिनांवर चिकटपट्टीचा तुकडा आडवा लावा. कॅमेऱ्यावर चढवताना तो काढावाच लागतो. पट्टी असलेली भरलेली, नसलेली उतरलेली. रंगांच्या पद्धतीही चालतात, पण लाल म्हणजे ‘रिकामी’ की ‘हात लावू नका’ यावरून सेटवर वाद होतो. पट्टीला अर्थ एकच.

डी-टॅप: छोटा प्लग, मोठं नुकसान

व्ही-माउंट बॅटरीच्या कडेला दोन पिनांचं जे भोक असतं ते डी-टॅप. पी-टॅप म्हणतात तेही तेच. त्यातून बॅटरीचं व्होल्टेज जसंच्या तसं बाहेर येतं: पूर्ण भरलेली असताना १६.८, उतरताना १२ च्या जवळ. त्याला १२ व्होल्टचं सॉकेट समजणं चुकीचं आहे. जोडायच्या वस्तूवर ‘११ ते १७ व्होल्ट’ असा पट्टा लिहिलेला असेल तर थेट जोडा. फक्त ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर मधे व्होल्टेज स्थिर ठेवणारी केबल हवी.

प्लग हातात घेऊन नीट बघा. त्याची एक बाजू सपाट, दुसरी गोलसर. इंग्रजी डी अक्षरासारखी. उलटा जाऊ नये म्हणूनच तो आकार. पण स्वस्त प्लगचं प्लॅस्टिक मऊ असतं, थोडा जोर दिला की उलटाही घुसतो, आणि मग पॉझिटिव्ह-निगेटिव्हची अदलाबदल होऊन समोरचं यंत्र क्षणात जातं. जोर लागतोय असं वाटलं की थांबा आणि उजेडात बघा. नवीन केबल आली की पहिल्यांदा जोडण्यापूर्वी दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावून ध्रुव तपासा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन केबलींत आतलं वायरिंग उलटं असू शकतं, विशेषतः गोल बॅरल जॅकच्या किंवा दोन पिनांच्या लेमो (धातूचा छोटा गोल प्लग) टोकात. चार पिनांच्या एक्सएलआरला मात्र ठरलेली पद्धत आहे: १ नंबरची पिन निगेटिव्ह, ४ नंबरची पॉझिटिव्ह.

डी-टॅपला कुलूप नसतं, तो फक्त घर्षणावर टिकतो. केबल लोंबकळत असेल तर तिचं वजन प्लगला खाली ओढतं, एक पिन क्षणभर सुटते, मॉनिटर लुकलुकतो. केबलची एक छोटी गुंडाळी करून वेल्क्रोने बॅटरीजवळच रिगला बांधा, म्हणजे ओढ वेल्क्रोवर येईल. एका डी-टॅपचे चार करणारा स्प्लिटर लावला तरी मर्यादा त्या एकाच भोकाची राहते. चार तोंडं झाली म्हणून वीज चौपट होत नाही. बॅटरीच्या लेबलवर डी-टॅपची आणि संपूर्ण बॅटरीची अशा दोन मर्यादा वेगळ्या लिहिलेल्या असतात. दोन्ही वाचा.

बॅटरी उतरत जाते तसा करंट वाढतो, हेही ध्यानात असू द्या. ९० वॉटचा कॅमेरा भरलेल्या बॅटरीतून साडेपाच अँपिअरच्या आत घेतो, पण साडेबारा व्होल्टवर आल्यावर तोच सव्वासात अँपिअर मागतो. ८ अँपिअरच्या बॅटरीवर आणखी दोन वस्तू टांगल्या असतील तर दुपारपर्यंत सगळं ठीक चालतं, आणि शेवटच्या वीस मिनिटांत बॅटरीतलं संरक्षण सर्किट अचानक सगळंच बंद करतं.

एसडीआय आधी की वीज आधी

हा नियम पाठ करा, कारण तो मोडला तर जाणारी वस्तू कॅमेऱ्याच्या आतली असते. मॉनिटर किंवा ट्रान्समीटर कॅमेऱ्याला एसडीआयने, म्हणजे चित्र वाहून नेणाऱ्या केबलने, जोडायचा असेल तर आधी त्याला वीज द्या, मग एसडीआय लावा. काढताना आधी एसडीआय काढा, मग वीज.

कारण असं. मॉनिटर आणि कॅमेरा एकाच बॅटरीवर आहेत, एसडीआय लागलेला आहे आणि तुम्ही मॉनिटरचा डी-टॅप खोवताय. पॉझिटिव्ह पिन निगेटिव्हच्या आधी टेकली, भले क्षणभरच, तर मॉनिटरचा सगळा करंट परतायला रस्ता शोधतो आणि तो त्याला एसडीआयच्या बाहेरच्या जाळीतून, कॅमेऱ्याच्या ग्राउंडमधून मिळतो. एसडीआयचं आउटपुट त्यासाठी बनलेलं नसतं. कॅमेरा चालू राहतो, रेकॉर्डही होतं, फक्त त्या सॉकेटमधून चित्र येणं कायमचं थांबतं. बारीक, स्वस्त एसडीआय केबलींची जाळी पातळ असते, त्यामुळे धोका वाढतो. ही एक केबल चांगली घ्या.

घाईत बॅटरी बदलताना लोक हाच नियम मोडतात: मॉनिटरचा डी-टॅप उतरलेल्या बॅटरीतून ओढतात आणि एसडीआय तसाच ठेवून नव्या बॅटरीत खोवतात. म्हणूनच अॅक्सेसरीजची वीज बॅटरीच्या अंगावरून घेऊ नका, कॅमेऱ्यामागच्या प्लेटवरच्या आउटपुटमधून घ्या. मग बॅटरी बदलताना त्या प्लगांना हात लावावाच लागत नाही.

डमी बॅटरी आणि यूएसबी-सी

मिररलेस कॅमेऱ्याच्या मूळ बॅटऱ्या १४ ते १६ वॉट-अवरच्या असतात, त्यामुळे दिवसभरात बऱ्याच वेळा बदलाव्या लागतात. त्यावर दोन उपाय.

पहिला, डमी बॅटरी: बॅटरीच्या आकाराचा पोकळ ठोकळा, त्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या मध्ये व्होल्टेज उतरवणारी डबी. ती डबी महत्त्वाची. कॅमेऱ्याला ७.२ ते ८.४ व्होल्ट हवे असतात, डी-टॅपवर १६.८ पर्यंत असतात. डबी नसलेली केबल थेट डी-टॅपला लावली तर कॅमेरा जळतो. काही कॅमेरे डमीला ओळखतच नाहीत आणि ‘ही बॅटरी वापरता येत नाही’ असा संदेश देतात. त्यांना आत चिप असलेला डमी लागतो. बॅटरीच्या दाराला वायरीसाठी एक छोटी रबरी खिडकी असते, ती उघडून दार पूर्ण लावा. दार उघडं राहिलं तर बरेच कॅमेरे चालू होतच नाहीत.

दुसरा, यूएसबी-सी. सोपा, पण अटी आहेत. पॉवर बँक आणि कॅमेरा दोघांनाही पॉवर डिलिव्हरी (यूएसबी-सीवरून ५ व्होल्टपेक्षा जास्त वीज देण्याची पद्धत) समजली पाहिजे. नुसत्या ५ व्होल्टवर कित्येक कॅमेरे फक्त बंद असतानाच चार्ज होतात. ६० वॉटच्या पुढे जायचं असेल तर ५ अँपिअरची, चिप असलेली केबल लागते. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरवर थांबते. कॅमेऱ्याच्या मेनूत यूएसबी पॉवरचा पर्याय चालू आहे ना ते बघा. मूळ बॅटरी आत राहू द्या: केबल निसटली तरी ती कॅमेरा धरून ठेवते. पुरवठा पुरतोय का हे तपासायला एक तास रेकॉर्ड करा आणि आतल्या बॅटरीची टक्केवारी बघा. तासात दहा टक्के उतरली असेल तर दुपारनंतर अडचण येणार हे सकाळीच कळलं.

रिग सोडून टाइमकोडच्या डबीसारखं (कॅमेरा आणि आवाजाची घड्याळं जुळवणारी डबी) काही छोटं चालवायचं असेल तर काही पॉवर बँका करंट फार कमी आहे असं बघून आपोआप झोपतात. ‘लो करंट’ मोड असलेली बँक निवडा.

लांब वायर

कॅमेरा क्रेनवर, बॅटरी जमिनीवर. ५ मीटर वायर, आत १ चौरस मिलिमीटरचं तांबं, ८ अँपिअर. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे वायर १० मीटर. तिचा रोध ०.१७ ओहम, व्होल्टेज पडतं १.४. बॅटरीवर १३.२ आहेत, कॅमेऱ्यापाशी ११.८ पोचतात आणि तो बंद होतो. बॅटरी मात्र निरोगी. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर घट अर्ध्या व्होल्टवर येते. कॅमेरा २४ व्होल्ट घेत असेल तर आणखी चांगलं: तेवढ्याच वॉटसाठी करंट निम्मा लागतो, म्हणून जमिनीवरच्या मोठ्या ब्लॉक बॅटऱ्या बहुतेक २४ व्होल्टच्या असतात. लांब वायरीला फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या टोकाला. कॅमेऱ्याच्या टोकाला लावलेला फ्यूज चिरडलेल्या वायरीला वाचवू शकत नाही.

बॅटरी बदलण्याची वेळ

कॅमेऱ्यावर टक्केवारी दिसत असेल तर नशीब. बॅटरी आणि प्लेट एकमेकांशी बोलत नसतील तर फक्त व्होल्ट दिसतात. चार सेलच्या मालिकेत, लोड असताना, साधारण असं वाचा: १६ च्या वर म्हणजे जवळजवळ भरलेली, १४.८ च्या आसपास निम्मी, १३.५ ला हाक मारायची, १३ ला बदलायची. कॅमेऱ्यात इशाऱ्याचं व्होल्टेज ठरवता येत असेल तर १३.२ ठेवा. बारापर्यंत ताणू नका: शेवटी व्होल्टेज उतरत नाही, कोसळतं. आणि टेकच्या मध्ये वीज गेली तर फाइल बंद करण्याचं काम राहून जातं. एमओव्ही आणि एमपी४ फाइलींमध्ये फ्रेम कुठे आहेत याची यादी बहुधा शेवटी लिहिली जाते. ती नसेल तर कार्डावर गिगाबाइट्स असतात, पण क्लिप उघडत नाही. अशा वेळी त्या कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका, काढून बाजूला ठेवा; त्याच सेटिंगच्या धडधाकट क्लिपचा आधार घेऊन दुरुस्तीचे सॉफ्टवेअर बरेचदा ती वाचवतात.

दोन बॅटऱ्यांची हॉट-स्वॅप प्लेट असेल तर कॅमेरा बंद न करता बदल होतो. प्लेट निवडताना दोन्ही बाजू एकमेकींपासून अलग आहेत याची खात्री करा, नाहीतर भरलेली बॅटरी उतरलेलीत जोराने करंट ओतते. बदलाची कृती अशी:

१. ‘बॅटरी’ असं मोठ्याने सांगा आणि रेकॉर्डिंग थांबल्याचं स्वतः बघा.
२. नवी बॅटरी आधी हातात घ्या, तिच्यावरचं बटण दाबून दिवे मोजा.
३. गिंबल (कॅमेरा मोटरने स्थिर धरणारी चौकट) असेल तर मोटर बंद करा. नवी बॅटरी जुनीइतक्याच वजनाची हवी, नाहीतर तोल पुन्हा करावा लागेल.
४. एका हाताने कॅमेरा धरा, दुसऱ्याने खटका दाबून बॅटरी वर सरकवा. ट्रायपॉडवरचा कॅमेरा याच क्षणी कलंडतो.
५. नवी बॅटरी ‘टक्’ आवाज येईपर्यंत खाली बसवा, मग बाहेर ओढून बघा. न ओढता गेलेली बॅटरी पुढच्या ट्रॅकिंग शॉटला पडते.
६. टाइमकोड, कार्डवरचा उरलेला वेळ आणि फोकसची मोटर तपासा.

मेन्स, जनरेटर, पॉवर स्टेशन

एकाच जागी शूट असेल तर मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटवरचा, अडॅप्टर सगळ्यात निवांत, पण त्याच्यामागे बॅटरी असलीच पाहिजे. कोणीतरी प्लग उपटतोच. एक्स्टेंशनचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीवर लोड दिला तर आतल्या वेढ्यांची उष्णता अडकते आणि आवरण वितळतं. पॉवर स्टेशनवर (इन्व्हर्टर असलेली उचलून नेण्याजोगी मोठी बॅटरी) शक्यतो डीसी आउटपुट वापरा. इन्व्हर्टरमधून एसी करून पुन्हा अडॅप्टरने डीसी करताना दोनदा गळती होते. इन्व्हर्टर वापरायचाच तर प्युअर साइन वेव्हचा. जनरेटरमध्ये इंधन इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावरच भरा, आणि बंदिस्त जागेत तो चालवूच नका.

आवाजात गुणगुण येऊ लागली तर साउंड मिक्सर मेन्सवरून काढून बॅटरीवर घ्या. बहुतेक वेळा ती तिथेच थांबते. कॉलर माइकच्या ट्रान्समीटरला रिचार्जेबल सेल घातले असतील तर मेनूत सेलचा प्रकार बदला. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइनचा १.५ चा, चुकीच्या सेटिंगमध्ये मीटर काहीही दाखवतो.

थंडी, ऊन, विमान

शून्य अंशाच्या आसपास बॅटरी वेळ कमी देते, सहज पाचवा हिस्सा जातो. राखीव बॅटऱ्या जॅकेटच्या आत ठेवा. गोठलेली बॅटरी चार्जरला लावू नका: शून्याखाली चार्जिंग केलं की लिथियम धातूचा थर आत साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उन्हात बंद गाडीत बॅटऱ्या ठेवणं त्याहून वाईट. कॅमेऱ्यावरून उतरवलेली गरम बॅटरीही वीस मिनिटं थांबून मगच लावा.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत साधारणपणे परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. १६० च्या वरच्या प्रवासी सामानात जात नाहीत. बाजारात इतक्या बॅटऱ्या ९८-९९ वरच का थांबतात याचं उत्तर हेच. पिना पट्टीने झाका, आणि वॉट-अवरचं लेबल खोडलेलं नसावं; तपासणीवर आकडा वाचता आला नाही तर बॅटरी तिथेच राहते.

पॅकअपनंतर

सगळ्या डी-टॅप केबली बॅटरीतून काढा. बंद असलेला मॉनिटरही थोडी वीज पीत राहतो आणि आठवड्याभरात बॅटरी इतकी खाली जाते की चार्जर तिला ओळखत नाही. पुढचं शूट महिन्यावर असेल तर बॅटऱ्या निम्म्या भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून ठेवल्या तर लवकर म्हाताऱ्या होतात.

दर काही महिन्यांनी प्रत्येक बॅटरी एकाच ठरलेल्या लोडवर उतरवून बघा आणि मिनिटं तिच्याच अंगावर तारखेसह लिहा. नवी असताना शंभर मिनिटं देणारी सत्तरवर आली की तिला कॅमेऱ्यावरून काढून मॉनिटरला द्या. फुगलेली, वाकलेली, गोडसर वास येणारी बॅटरी मात्र कशालाच देऊ नका. टोचू नका, दाबू नका. पिना झाकून, जळणार नाही अशा जागी वेगळी ठेवा आणि ई-कचऱ्याच्या केंद्रात पोचवा.